न बघता काढलेली कॅसेट

अप्पा,

तुम्हाला लिहायचं मी इतकी वर्षं पुढे ढकलत आले की आता ते सांगायलाही संकोच वाटतो. आधी सबब होती की मला देवनागरी येत नाही. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या घरात मराठी बोलायची, आणि लिहायची वेळ आलीच तर तमिळ अक्षरांत लिहायची. दुकानात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक टीव्हीच्या पाठीवर तुम्ही चिठ्ठी चिकटवायचात, तीही तशीच. अक्षरं तमिळ, भाषा आपली. 'आवाज बसला.' 'चित्र थरथरतं.' 'भांडणात पडलाय, पुसू नये.' दुकानात टेकलेला कोणीही ती वाचू शकायचा आणि कोणालाच ती कळायची नाही. मला वाटायचं, अप्पांना दुसरं लिहिता येत नसेल. कोणाच्या घरात काय मोडलंय हे चारचौघांना कळू नये म्हणून तुम्ही तसं करत होता, हे उमगायला मला घर सोडून फार लांब जावं लागलं. कोल्हापूरला एका लॉजच्या काउंटरवर सहा महिने होते, तिथे समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत देवनागरी शिकले, आणि सबब संपली. तरी लिहिलं नाही. मग नाशिक, मग हम्पी, मग पुदुच्चेरी. बस चुकली की लिहू, असं ठरवायचे, आणि माझी बस कधी चुकायची नाही. कॉलेज चुकलं, नोकऱ्या चुकल्या, बस मात्र नाही. आज लिहितेय कारण गेल्या आठवड्यात आपल्या घरात एक गोष्ट झाली, आणि ती तुमच्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही.

तुमच्या थोरल्याने, अण्णाने, अम्मासाठी चेन्नईहून टीव्ही पाठवलाय. खिडकीएवढा. तुम्ही असतात तर आधी त्याची पाठ उघडली असती, पण याला पाठच नाही हो, ताटाएवढा पातळ आहे. तुमच्या वेळच्या टीव्हीला कुल्ले होते, असं अम्मा म्हणते आणि तोंडावर पदर घेऊन हसते. मी नेहमीसारखी तीन दिवसांसाठी म्हणून आले, पाठीवरची पिशवी उतरवली, आणि बघते तर टीव्हीवर अम्माची जुनी सुती साडी घडी करून टाकलेली. बाहेर ऊन रणरणतंय, माडीवर तिने तांदळाचे वडाम वाळत घातलेत, आणि आत टीव्ही पांघरूण घेऊन बसलाय.

मी म्हटलं, "अम्मा, याला थंडी वाजते का?"

"पूजा होऊ दे गे. मग उघडते."

"पूजेचा आणि त्याचा काय संबंध?"

"बघतंय ते," अम्मा म्हणाली. आवाज खाली करून, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी खूप हसले. मग तिने गुडघ्याची हकीगत सांगितली आणि माझं हसू आटलं. दोन महिन्यांपूर्वी तिचे गुडघे धरले. अण्णाला सांगितलं तर तो चेन्नईला घेऊन जाईल, तिकडच्या फ्लॅटमध्ये ठेवेल, म्हणून तिने कोणालाच सांगितलं नाही. शेजारी नाही, देवळात नाही. फक्त दुपारी एकटी असताना रिमोटवरचं ते बोलायचं बटण दाबलं आणि टीव्हीला तमिळमध्ये पुसलं की गुडघेदुखीवर काय करावं. (बाहेर मी 'विचारलं' न म्हणता 'पुसलं' म्हटलं की लोक हसायचे, फळा पुसतेस काय म्हणायचे. आता मी मुद्दाम म्हणते.) दुसऱ्या दिवशी टीव्ही उघडला तर पडदाभर गुडघेच गुडघे. तेल, पट्टे, डॉक्टर, आसनं. आणि तिसऱ्या दिवशी अण्णाचा फोन, "अम्मा, गुडघे दुखतायत? माझ्या मोबाइलवर तुझ्या टीव्हीचं अस्कं, सगळं सगळं दिसतंय." टीव्ही त्याच्याच खात्यावर लावलेला होता. तो काही चोरून बघत नव्हता बिचारा, त्याच्यापुढे आपोआप आलं. पण अम्मा मला सांगताना त्या टीव्हीकडे अशी बघत होती की जणू घरात वाढवलेल्या कोणीतरी चौकात जाऊन तिचं नाव घेतलंय. "मी कोणास सांगितलं नव्हतं गे," ती म्हणाली, "त्याला पुसलं होतं फक्त."

मी रिमोट घेऊन बसले. मला शिक्षण थोडं, पण असल्या खाचाखोचांत शिरायची खोड आहे, ती तुमचीच. एका यादीच्या पोटात दुसरी यादी, तिच्या पोटात तिसरी, आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं की हा टीव्ही त्याच्या पडद्यावर जे काही दिसेल, मग ते कुठल्याही वायरीतून आलेलं असो, त्याचे क्षणाक्षणाला ठसे घेतो, आणि कंपनीकडे पाठवतो, म्हणजे बघणाऱ्याची आवड कळावी. आणि या सगळ्याला अम्माची संमती होती. एकदा नाही, नऊ ठिकाणी.

"तू सगळ्याला हो म्हटलंयस, अम्मा."

"ते नम्रपणे पुसत होतं गे. दारात आलेला माणूस नीट पुसत असेल तर नाही कसं म्हणावं?"

आपल्या घरात नाही म्हणायची रीतच नाही. भिक्षेकऱ्याला सुद्धा 'आज नाही' म्हणत नाहीत, 'उद्या या' म्हणतात. त्या कंपनीत बसून हे प्रश्न लिहिणाऱ्याला अम्मासारखी बाई माहीत असणार. मला राग आला, खरं म्हणजे मी टीव्ही अण्णाला परत पाठवायला निघाले होते. तेव्हा अम्मा उठली, गुडघ्यांवर हात ठेवत आत गेली, आणि देवघराच्या कपाटातून, पंचांगांच्या गठ्ठ्यामागून, एक काळी कॅसेट घेऊन आली.

ती कॅसेट मी कधी पाहिली नव्हती, अप्पा. तुम्ही आजारी होता तेव्हा, शेवटच्या उन्हाळ्यात, एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून आणलेला जुना कॅमेरा टेबलावर उभा करून तुम्ही दुकानाचं शटर खाली ओढलंत आणि एकटेच बोललात. मग अम्माच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुझ्यासाठी आहे. एकटी बघ." मी चौदा वर्षांची होते, मला पत्ताही नव्हता. अम्माने ती तुमच्या तेराव्यानंतर एकदाच पाहिली. मग आपला व्हीसीआर बंद पडला. "दुरुस्त करणारे तेच," अम्मा म्हणाली, "आणि तेच गेलेले. कोणास दाखवू?" बाहेरच्या माणसाकडे मशीन दिलं तर तो चालतं का बघायला घरची कॅसेट मागेल आणि लावून बघेल, म्हणून तिने पंधरा वर्षं दिलं नाही. आता तिला ती परत बघायची होती. गुडघे धरल्यापासून तिच्या मनात काहीतरी घाई शिरलीय, तिने म्हटलं नाही पण मला दिसलं.

"पण याने बघता कामा नये," तिने टीव्हीकडे बोट केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तूसुद्धा नाही."

हे दुसरं वाक्य का लागलं ते तुम्हाला ठाऊक आहे. अम्माला कदाचित ठाऊक नसेल, पण तुम्हाला आहे.

मी दहा वर्षांची. शाळा सुटली की दप्तर दुकानात टाकून मी काउंटरखाली बसते, सोल्डरचा वास, बाहेर टाऊन बसचा भोंगा. रोज संध्याकाळी आमचे गणिताचे वाध्यार, आमचे मास्तर, तुमच्याकडे कॉफीला येतात. सगळी शाळा त्यांना टरकते. वर्गात ते हसल्याचं कोणी पाहिलेलं नाही, पण तुमच्यापुढे बाकावर बसले की तुम्ही दोघं तमिळमध्ये एकमेकांची उणी काढत बसता. "तुमचं मराठ्यांचं राज्य गेलं ते हिशेबात कच्चे होता म्हणून," असं ते म्हणणार, आणि तुम्ही म्हणणार, "म्हणून तर पोरीला तुमच्या हवाली केलंय, सार." त्या वेळी कॅसेटींचे दिवस सरत आले होते, तरी लोकांचे व्हीसीआर यायचे, आणि बहुतेकांच्या पोटात कॅसेट अडकलेली असायची. तुमचा नेम होता. मशीन उघडायचं, कॅसेट काढायची, फीत पेन्सिलीने हळू गुंडाळून घ्यायची, आणि लावून न बघता वर्तमानपत्रात बांधून मालकाला द्यायची. चालते की नाही हे तपासायला तुमची स्वतःची वेगळी कॅसेट होती, रथोत्सवाची. पुडकं तुम्ही केळीच्या सोपाने, खोडाच्या सालीच्या दोरीने बांधायचात, फूलवाल्या वापरतात तसल्या, आणि वर ती तुमची गाठ, एकात एक अडकवलेली, जी सोडली की परत तशी कोणाला बांधता येत नसे. देताना म्हणायचात, "मी बघितलेलं नाही." लोक हसायचे. अहो, असणार काय त्यात, बारसंच आहे, म्हणायचे. तुम्ही हसायचा नाहीत.

एक दिवस मास्तरांचाच व्हीसीआर आला. तुम्ही कॅसेट काढून ठेवलीत आणि जेवायला घरी गेलात. मास्तरांच्या घरात असेल तरी काय, या उत्सुकतेने मी ती दुकानातल्या मशीनमध्ये घातली. अप्पा, पडद्यावर आमचे मास्तर चार पायांवर होते. हत्ती झाले होते. पाठीवर त्यांची मुलगी, जिला कधी चालता आलं नाही, जिला गल्लीत कोणी फारसं पाहिलेलंही नव्हतं. मास्तर सोंडेसारखा हात उचलून तुतारीसारखा आवाज काढत होते, आणि ती पोर इतकी हसत होती की तिची मान मागे पडत होती आणि कॅमेरा धरणारीचा हातही हसून हलत होता. मी ते दोनदा पाहिलं. मग कॅसेट होती तशी ठेवली. तुम्ही जेवून आलात, ती पुडक्यात बांधलीत, गाठ मारलीत, आणि संध्याकाळी मास्तरांना म्हणालात, "मी बघितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एकीला सांगितलं. एकीलाच. आठवड्याभरात मास्तर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून हत्तीचा आवाज यायला लागला. यानै वाध्यार, हत्ती मास्तर. शाळेच्या भिंतीवर खडूने सोंड काढली गेली. मास्तर वळून कोणाला काही बोलले नाहीत, हेच मला आजही बघवत नाही. संध्याकाळी ते तुमच्याकडे आले, बाकावर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "बघितलं नाही म्हणाला होता तुम्ही." मी काउंटरखाली होते. तुम्ही खाली माझ्याकडे बघितलंत. एकदाच. आणि सगळं कळलं तुम्हाला. मग वर बघून म्हणालात, "चूक माझ्या दुकानातली आहे, सार. माझीच." माझं नाव घेतलं नाहीत. ते गेले, आणि परत कधी आले नाहीत. पुढच्या वर्षी पापनाशमच्या शाळेत बदली मागून घेतली, रोज बसने जायचे, आपल्या दुकानाची वाट सोडून मागच्या गल्लीने स्टँडवर जायचे. तुम्ही गेलात तेव्हाही आले नाहीत.

तुम्ही मला मारलं नाहीत. मारलं असतंत तर मी विसरले असते. रात्रीच्या जेवणाचं पान पुढे आलं तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "तू त्या माणसाच्या घरात पाय न धुता शिरलीस." एवढंच. दुसऱ्या दिवशी दुकानात मला समोर बसवून ती गाठ शिकवलीत, तीन दिवस, बोटं सोलवटेपर्यंत. तुम्ही माझ्यासाठी खोटे ठरलात, तेही त्या एका गोष्टीत जिच्यात तुम्ही जन्मभर खरे होता. हे मी मास्तरांना सांगायला हवं होतं. दहाव्या वर्षी धीर नव्हता, विसाव्या वर्षी बस होती. कुठून कुठे आले बघा, मी टीव्हीचं सांगत होते.

तर पुदुच्चेरीला मी प्रोग्राम लिहिणाऱ्या काही पोरांच्या खोलीत महिनाभर राहिले होते, त्यांच्यासाठी भाजी आणायची, केर काढायचा, आणि ते कॉम्प्युटरवर काय काय करत ते बघत बसायचं. निघताना त्यातल्या एकाने मला एक छोटा कॉम्प्युटर दिला होता. छोटा म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा, हिरवी पट्टी, तिच्यावर तुम्ही दिव्याखाली धरून बघायचात तसले काळे किडे, चिपा, डकवलेले. तो पिशवीत तळाशी पडून होता. मी अम्माला म्हटलं, टीव्ही ठेवू, पण त्याला आंधळा आणि मुका करू. मग आधी त्याची इंटरनेटची ओळखच पुसून टाकली, म्हणजे त्याला बाहेर निरोप पाठवायला वाटच नाही. नऊ ठिकाणची नऊ 'हो' शोधून 'नाही' केली. अम्मा प्रत्येक 'नाही'ला "अय्यो" म्हणत होती. अण्णाचं खातं काढलं, त्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "बरं झालं गे, मलाही कसंतरी वाटत होतं." आता तो टीव्ही नुसती काच राहिला, तुमच्या वेळच्यासारखा, जे दाखवाल ते दाखवणारा. मग त्याच्या मागे तो हिरवा कॉम्प्युटर लावला आणि त्याच्यात चित्रं दाखवायचा एक फुकटचा प्रोग्राम घातला. सिनेमे, गाणी, फोटो, घरातल्या डिस्कवर जे आहे ते नीट मांडून दाखवतो, आणि ते घराबाहेर जात नाही.

फुकटचा म्हटलं, पण तो शब्द बरोबर नाही. तो जगभरातल्या हजारो माणसांनी मिळून लिहिलाय, अप्पा. कोणी एक मालक नाही. कुठल्या तरी गावात कोणी संध्याकाळी घरी येऊन चार ओळी लिहितो, दुसऱ्या टोकाला कोणी त्यातली चूक काढतो, आणि सगळं लिहिलेलं उघडं ठेवलेलं, ज्याला कळतं त्याने आत डोकावून बघावं की यात कुठे डोळा लपवलाय का. मला त्यातलं रुपयात आण्याएवढं कळतं. पण पुदुच्चेरीला मी त्या पोरांना भांडताना ऐकलंय, एका बारीकशा गोष्टीवरून, की वापरणाऱ्याचं नाव नोंदवायचं की नाही, दोन दिवस वाद, आणि शेवटी नाहीच नोंदवायचं. ज्याला ते कधी भेटणार नाहीत अशा कोणासाठी. तेव्हा मला झोप येत होती. आता अम्माच्या शेजारी बसून तो पडदा उजळताना पाहिला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

कारण अम्मा वाट बघत होती. रिमोट मांडीवर, चष्मा लावून, 'हो' म्हणायच्या तयारीत. त्याने भाषा कुठली एवढं पुसलं. बस. यादी आली, आणि गप्प उभा राहिला.

"अजून काही पुसत नाही गे?"

"नाही."

"नाव?"

"नाही."

"गाव? मोबाइल नंबर? वय?"

"काही नाही अम्मा."

तिने रिमोट मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाली, "ओरत्तनाडूच्या छत्रासारखं." आजी सांगायची ना, त्या धर्मशाळेत वाटसरू आला की आधी पान वाढायचं, तो कोण कुठला ते त्याने हात धुतल्यावर, आणि तेही त्याला सांगायचं असेल तर. लहानपणी बसमधून जाताना त्या छत्राचे खांब दिसले की तुम्ही मला बोट करून दाखवायचात, आणि मी दुसरीकडच्या शेळ्या बघत असायचे. इतकं मोठं दगडी घर, न पुसता जेवू घालण्यासाठी बांधलेलं. आणि आता तसंच एक घर त्या पत्त्यांच्या जोडाएवढ्या पट्टीत, आणि बांधणारे कोण ते ठाऊक नाही. तुम्ही असतात तर टेबलावरचा दिवा खाली ओढून त्या पट्टीकडे बघत बसला असतात. जेवायला उठला नसतात.

मग राहिली कॅसेट. माळ्यावरून तुमचा व्हीसीआर काढला. रबराचा पट्टा विरघळून डांबर झालेला. पापनाशमला एक म्हातारे मेकॅनिक जुने पट्टे ठेवतात असं कळलं, बसने गेले, त्यांनी ड्रॉवरभर पट्टे पुढे ओतले आणि म्हणाले शोध. दोन तास शोधला. वाटेत दुतर्फा भात, पाटाच्या पाण्यात बगळे, मला एकदा वाटलंसुद्धा की उतरून चालायला लागावं, तिकडे कुंभकोणमकडे, आणि तीन दिवस येऊ नये. उतरले नाही. घरी येऊन पट्टा घातला, मधलं फिरणारं चकचकीत ढोल स्पिरिटने पुसलं, तुम्ही शिकवल्यासारखं, आडवं, कधीच उभं नाही. आणि तपासायला तुमची ती रथोत्सवाची कॅसेट लावली. ती अजून होती, मशीनशेजारीच. चित्र आलं. माणसांचा समुद्र, त्यातून डोलत येणारा रथ. ते ढोल इतक्या जोरात फिरतं आणि फीत त्याला जेमतेम शिवते, आणि त्या शिवण्यातून माणसं उभी राहतात. लहानपणी मी हे शंभर वेळा पाहिलंय. आश्चर्य वाटायला एकोणतीस वर्षं लागली.

मग तुमची कॅसेट. व्हीसीआरची वायर माझ्या जुन्या लॅपटॉपला जोडायची, आणि जितकी लांब फीत तितका वेळ ती चालवायची, म्हणजे तिची नक्कल डिस्कवर उतरते. ती चालू असताना लॅपटॉपच्या पडद्यावर सगळं दिसत राहतं. मी तुमचा जुना पंचा आणला आणि पडद्यावर टाकला. आवाज बंद केला. पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून तिण्णैवर, आपल्या दारासमोरच्या ओट्यावर बसले. दुपारचे तीन. समोरून इस्त्रीवाला गेला, एक कावळा, शाळेची रिकामी बस. मागे, उघड्या दारातून हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, तुम्ही बोलत होता. पंधरा वर्षांनी. पंच्याखाली. मी तुमचा चेहरा विसरत चाललेय, अप्पा. फोटो आहेत, पण बोलताना तुमचा ओठ कुठून उचलायचा, ते गेलंय. पंचा चार बोटं वर केला असता तर परत आलं असतं. अम्मा वर माडीवर वडाम गोळा करत होती, तिला कळलंही नसतं. मी विटकरी भिंतीवर गाठ मारत बसल्यासारखी बोटं हलवत राहिले. सतरा मिनिटांनी मशीनने खट्ट केलं. मी पाठीमागे हात नेऊन सगळं बंद केलं आणि मग वळले.

संध्याकाळी अम्मा एकटी आत बसली. मी दार ओढून घेतलं आणि पुन्हा तिण्णैवर. शब्द कळत नव्हते, तुमचा आवाज रस्त्यावर येऊ नये म्हणून तिने तो अगदी लहान केला होता. फक्त तिचं ऐकू येत होतं. एकदा ती हसली. एकदा म्हणाली, "हो, हो, ठाऊक आहे मला." आणि मग चिडून, "ते मी तेव्हाच सांगितलं होतं की." बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं नाही, मी पुसलं नाही. तीन दिवसांसाठी आले होते, आज अकरावा दिवस.

आणि ज्या बाईने मला 'तूसुद्धा नाही' म्हणून बजावलं, तिनेच दुसऱ्या दिवशी फूलवालीला सांगितलं, देवळात सांगितलं, सीतेच्या वनवासासारखं लांबवून सांगितलं की माझी पोर जुन्या कॅसेटींच्या नकला काढून देते, आणि न बघता काढते, पंचा टाकून, पाठ करून. आता कालपासून लोक येऊ लागलेत. एक मुंज, दोन लग्नं. मी पुडकी बांधते. बोटांना ती गाठ अजून येते, त्यांनी मला न पुसताच ती बांधली.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोचलं तरी तुम्हाला देवनागरी वाचता यायची नाही, हे लक्षात ठेवूनच मी या लिपीत लिहिलं असेन. एक कबुली द्यायचीय, ती अम्मालाही दिलेली नाही. आवाज बंद केला असं वर लिहिलंय. केला, पण कॅसेट सुरू झाल्यावर. बटण सापडेपर्यंत दोन क्षण गेले, आणि त्या दोन क्षणांत तुम्ही घसा खाकरलात. बोलायच्या आधी तुम्ही खाकरायचात तसे. तेवढं मी घेतलंय. ते परत करता येत नाही, आणि खरं सांगते, करणारही नाही.

अम्मा हाक मारतेय. तिचा आवाज वेगळाच लागला म्हणून खिडकीतून बघितलं. तिण्णैसमोर रिक्षा उभी आहे, आणि तिच्यातून काठी टेकत गणिताचे मास्तर उतरतायत. फार वाकलेत. त्यांची मुलगी तीन वर्षांपूर्वी गेली, हे मला अम्माने फोनवर सांगितलं होतं आणि मी बसमध्ये होते. ते आत येत नाहीत, तिण्णैच्या खाली उभे राहून अम्माला पुसतायत, "न बघता काढून देणारी ती तुमचीच पोर का?" हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून पुडकं काढून वर धरलंय. वर्तमानपत्र पिवळं पडलंय, सोप वाळून काळा झालाय. आणि वर तुमची गाठ, अप्पा, तुम्ही मारली होती तशी, एकदाही न सोडलेली.

मी जाते. पुडकं हातात घेण्याआधी त्यांना सांगायला हवं, ती कॅसेट कोणी बघितली होती ते.